युज्वली म्हणजे किती आणे

सन एकोणीसशे सत्तावन्न, चैत्र महिना, पाडवा होऊन आठ दिवस झालेले, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, सरकारनं नुकतेच नवे पैसे काढलेले आणि बाजारात कोणाला कशाचा मेळ लागत नाही अशी गत, आणि नेमक्या अशा वेळी त्या डॉक्टरणीनं मला इंग्रजीत पत्र लिहावं? मला? तुम्हाला सांगतो, माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यातही एक पावसाळा गुरं राखण्यात गेला. मराठी वाचतो, सही करतो, सात-बारा ओळखतो. शेतकऱ्याला एवढं पुष्कळ. भाईदास पाटलाचं आजवर कुठं अडलं नव्हतं. अडलं ते त्या एका शब्दाला!

पण पत्र कशाचं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा मधूनच सुरू झाला.

माझी बायको जसोदाबाई. त्या वर्षी पौषात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षय. हा शब्द मराठीत होता, लगेच कळला. नवापूरच्या पुढं रेल्वेच्या लाइनीवर मिशनचा दवाखाना होता, तिथं नेऊन ठेवली. डॉक्टरीण मलबारची, तिला ना मराठी ना गुजराती, आणि हिंदी अशी की तिनं 'बैठो' म्हटलं की बसलेला माणूस उठून उभा राही. तिनं बोटांनी सांगितलं, अठरा महिने. अठरा महिने रोज सुई, रोज कडू पुड्या, आणि मध्ये घरी जायचं नाही. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

तीन महिने गेले आणि जसोदाबाईचे निरोपावर निरोप सुरू झाले. आखाजीला घरी न्या. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे... दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, पण आखाजीला बाई घरात हवी, झोका हवा, खापरावरची पुरणपोळी हवी! आणि तिचा भाऊ चुनीलाल, तो रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तोच पाढा, "पाव्हना, मन्ही बहीन तठे परका लोकेसमा एकली पडेल शे. तिले आखाजीले घर लई या. मरनं व्हई ते घरमा मरू द्या. लोके काय म्हनतीन?" लोके! लोकांच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं का?

पण खोटं कशाला बोलू, रात्रंदिवस माझ्याही मनात तेच. ती तिथं मेली तर? मी तिला तिच्या घरापासून, तिच्या तुळशीपासून तोडून चार परक्या भिंतींत मारली असं होईल. आणि घरी आणली, आणि मेली तर? म्हणजे मीच मारली. दोन्हीकडून मीच!

म्हणून आमच्या गावच्या धनसिंग गुरुजींकडून डॉक्टरणीला हिंदीत पत्र लिहून घेतलं. आखाजीला नेऊ का? त्याचं हे उत्तर. इंग्रजीत. चार ओळी. गुरुजींनी चष्मा पुसला, पत्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि वाचलं, "नेऊ नका. अजून पंधरा महिने बाकी आहेत. मध्येच नेलं तर औषध फुकट जाईल. जे रोगी औषध पुरं करतात ते..." आणि थांबले.

"ते काय?"

"ते... युज्वली बरे होतात."

तीन ओळी सरळ मराठीत आल्या आणि चौथीत हा शब्द बैलासारखा आडवा बसला! मी म्हटलं, "गुरुजी, युज्वली म्हणजे?" तर त्यांनी पेटीतून जाडजूड कोश काढला, पानं उलटली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "सहसा. बहुधा. सामान्यतः." एक साक्षीदार आणि तीन जबान्या! मी म्हटलं, "गुरुजी, ते राहू द्या. मला एवढंच सांगा, युज्वली म्हणजे किती आणे?"

गुरुजी म्हणाले, "भाईदासभाई, शब्दाला आणे नसतात."

का नसतात? उभ्या पिकाला असतात, मग शब्दाला का नसावेत? तुम्हाला सांगतो, मी बारा वर्षं गावच्या आणेवारीचा पंच. दिवाळीच्या सुमाराला तलाठी यायचा, सर्कल यायचा, आम्ही चार शेतकरी त्यांच्याबरोबर बांधाबांधानं हिंडायचो आणि पिकाला आणे लावायचो. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. सहाच्या आत आलं तर शेतसारा निम्मा तहकूब, चारच्या आत आलं तर सगळाच. आता यातली खुबी ऐका. शेतकरी कधीही खरे आणे सांगत नाही. दहा आणे पिकलं की मी कपाळाला हात लावून म्हणायचो, "पाच आणे म्हणजे डोक्यावरून पाणी, रावसाहेब!" आणि सरकार? सरकारला बांधावरून वाळलेलं गवत दिसलं तरी ते बारा आणे लिहिणार. म्हणजे नुसता आकडा ऐकून भागत नाही, तो लावला कोणी ते बघावं लागतं. शेतकऱ्यानं लावला तर वर चढवायचा, सरकारनं लावला तर खाली उतरवायचा.

मग मला सांगा, ही डॉक्टरीण कोणाच्यात? शेतकऱ्यांच्यात की सरकारात?

मी मनाशी ठरवून टाकलं. शब्द बारा आण्यांचा निघाला तर जसोदाबाई तिथंच राहील, मला कितीही शिव्या देवो. आठाच्या खाली निघाला तर आखाजीला घरी आणायची, अंगणात बाज टाकायची, आणि जे व्हायचं ते तिच्या उंबऱ्यात होईल. आखाजीला पंचवीस दिवस होते. मी पत्राची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि शब्द मोजायला निघालो.

पहिला माणूस कोण? आमच्या जवळच्या स्टेशनावरचा तिकीटबाबू. स्टेशनाचं नाव कशाला घेऊ. त्याच्याकडं का, तर मागं दवाखान्यात जाताना त्याच्याच तोंडून हा शब्द ऐकला होता. मी विचारलं होतं, गाडी कधी? तर खिडकीतून म्हणाला होता, "युज्वली दहा चाळीस." म्हणजे हा माणूस हा शब्द रोज वापरतो. वापरणाऱ्याला माल ठाऊक असणारच! मी जाऊन खिडकीशी उभा राहिलो. "बाबू, युज्वली म्हणजे किती आणे?"

"कुठलं तिकीट?"

"तिकीट नको. शब्द हवाय."

त्यानं खिडकी लावून घेतली. मी म्हटलं ठीक आहे, तू सांगू नकोस, मी मोजतो. चार दिवस, तुम्हाला सांगतो, चार दिवस घरून भाकरी बांधून आणून मी त्या फलाटावर बसलो, समोर भिंतीवर मोठं घड्याळ, आणि गाडी कधी येते ते काडीनं मातीत ओढत गेलो. पहिल्या दिवशी घड्याळात साडेअकरा. दुसऱ्या दिवशी अकरा वीस. तिसऱ्या दिवशी पावणेबारा. चौथ्या दिवशी पुन्हा साडेअकरा. चार दिवसांत एकदाही दहा चाळीस नाही! म्हणजे युज्वली म्हणजे शून्य आणे!  अहो, हसताय काय... फलाटावरच्या बाकावर मी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मनातल्या मनात अंगणात बाज टाकली.

मग राग आला. दुःख झालं की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी उठलो आणि खिडकी ठोकली. "बाबू, उघड! युज्वली म्हणतोस आणि चार दिवसांत गाडी एकदा वेळेवर नाही!" तेवढ्यात वरून आवाज, "चाचा, कौनसी घड़ी से नापा?"

वर बघतो तर शिडीवर एक माणूस, डोळ्याला भिंग लावलेलं, घड्याळाचं पोट उघडून बसलेला. मी म्हटलं, "ह्याच घड्याळानं."

"ये तो पौन घंटा आगे है. इसी लिए तो मैं चढ़ा हूँ."

तुम्हाला सांगतो, बारा वर्षं पंच असलेला माणूस मी, आणि खोट्या मापानं मोजत बसलो होतो! पाऊण तास वजा केला तर गाडी तीनदा जवळजवळ वेळेवर, एकदा थोडी उशिरा. बाबूनं खिडकी उघडली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा लावली.

शिडीवरचा माणूस म्हणजे इद्रिसभाई. नंदुरबारच्या बाजारात त्याचं घड्याळाचं दुकान, दुकान म्हणजे एक फळी आणि एक काचेची पेटी. लढाईच्या काळात बसऱ्याला पलटणीच्या वर्कशॉपात होता, तिथं गोऱ्या साहेबांची घड्याळं दुरुस्त करता करता इंग्रजी शिकला. हे त्यानं मला खाली उतरून चहा पिताना सांगितलं. मी पत्र काढलं. त्यानं भिंग न काढताच वाचलं, घडी घालून परत दिलं. मी विचारलं, "इद्रिसभाई, युज्वली म्हणजे किती आणे?"

तो हसला नाही. हे लक्षात घ्या. पहिला माणूस ज्यानं माझा प्रश्न टाळला नाही. म्हणाला, "कल बताता हूँ. सोचना पड़ेगा."

पण मला उद्यापर्यंत दम कुठला? त्याच दुपारी मी शांतीलाल वकिलाकडं गेलो. म्हटलं इंग्रजी शब्दांवर ज्याचं पोट चालतं त्याला विचारू. वकिलानं पत्र वाचलं, पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाला, "वा! पक्कं लिहिलंय. युज्वली लिहिलं म्हणजे डॉक्टरीण मोकळी."

"आणि माझी बायको?"

"तिचं नाव यात कुठं आहे? 'जे रोगी' असं आहे."

बघा! मी शब्दाचा अर्थ विचारायला गेलो, त्यानं शब्दातून निसटायची वाट दाखवली. आणि वर म्हणतो, "पाटील, नोटीस द्यायची का?" कोणाला नोटीस? क्षयाला?

दुसऱ्या दिवशी इद्रिसभाईच्या फळीशी गेलो. तो कोणाचं तरी हातघड्याळ उलटं करून बसला होता. मला म्हणाला, "भाईदासभाई, घड़ी कितनी सही चलती है, ये डायल पे लिखा रहता है क्या?" मी म्हटलं नाही. "फिर कैसे मालूम पड़ता है?" म्हटलं, तुम्ही उघडून बघता. "तो बस. लफ्ज को भी खोल के देखना पड़ेगा. चलो."

"कुठं?"

"जिसने लिखा है उसके पास."

आणि उठला! पेटीला कुलूप लावलं, फळी भिंतीला टेकवली, शेजारच्याला सांगितलं, दोन दिन बंद. लग्नसराईचे दिवस, तुम्हाला सांगतो, लोक घड्याळं घेऊन रांगेत उभे असायचे, त्यात ह्या माणसाशी माझी ओळख चोवीस तासांची, जात वेगळी, गाव वेगळं. मी म्हटलं, "इद्रिसभाई, तुमचं नुकसान..." तर म्हणाला, "घड़ी का दाम लेता हूँ, चलने का नहीं."  मला उपकार सोसत नाहीत. पण त्या दिवशी सोसला.

दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीण बुटकी, केस पिकलेले, पायात पांढरे कापडी बूट. इद्रिसभाईनं तिच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि ती बाई अशी खुलली जणू माहेरचा माणूस भेटला! मी दम धरून उभा. मग इद्रिसला म्हटलं, "विचार. युज्वली म्हणजे किती आणे?"

आता ते इंग्रजीत कसं विचारायचं? तो म्हणाला सोळा, तिनं विचारलं सोळा काय, तो म्हणाला पीक, ती म्हणाली कुठलं पीक, ह्यानं कापूस सांगितला, ती म्हणाली मी कापसाचं काही लिहिलं नाही! पाव तास हे चाललं होतं. शेवटी मी पुढं झालो, टेबलावरच्या औषधाच्या सोळा गोळ्या मोजून ओळीनं मांडल्या, वॉर्डाकडं हात केला, मग एकेक गोळी बाजूला सारून तिच्या तोंडाकडं बघितलं. किती सारू? कुठं थांबू?

बाईला कळलं.  तिनं कपाटातून वही काढली.

आता वॉर्डात असलेल्या सोडून मागल्या पाच वर्षांत बायकांच्या वॉर्डात एकवीस जणी आल्या होत्या. एकेक नाव ती वाचत गेली, इद्रिसभाई सांगत गेला, मी बोटं मिटत गेलो. चार जणींना घरच्यांनी मध्येच नेलं. एकीला दिराच्या लग्नाला, एकीला दिवाळीला, दोघींना अशाच, घरी भाकरी थापायला कोणी नाही म्हणून. त्या चौघींतल्या तिघी गेल्या. चौथीचं बाईला ठाऊक नाही. राहिल्या सतरा. औषध पुरं केलेल्या सतरा. त्यातल्या पंधरा स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेल्या.

सतरात पंधरा. मला तोंडी हिशेब येतो. चौदा आणे, आणि वर थोडं!

मी इद्रिसला म्हटलं, "हिला विचार, पीक चौदा आणे आहे, मग पत्रात सहसा, बहुधा, सामान्यतः असलं मरतुकडं का लिहिलं?" त्यानं विचारलं. बाईनं वही मिटली. इद्रिसभाई म्हणाला, "बोल रही हैं, दो तो गईं ना. उनके घरवालों को भी मैंने खत लिखा था. तब से हाथ रोक के लिखती हूँ."

तुम्हाला सांगतो, मला तिथं रडू यायचं ते हसू आलं. अहो, ही बाई आमच्यातली! चौदा पिकवते आणि दहा सांगते! सरकारातली नाही, शेतकऱ्यातली! बारा वर्षं मी तेच केलं, सारा चुकवायला केलं, ही बाई कोणाचा जीव मोडू नये म्हणून करते, पण रीत तीच. आणि जो कमी सांगतो त्याच्या शब्दावर विसंबावं, हे मला कोणी शिकवायला नको.

मग जसोदाबाईकडं गेलो. तिनं कपडे बांधून ठेवले होते. खरं सांगतो, गाठोडं उशाशी. मला आलेला बघून म्हणाली, "उनात का? चला मंग." मी म्हटलं, राहायचं. पंधरा महिने. तिनं माझ्याकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं, म्हणाली, "तुमना जीव दगडना शे," आणि भिंतीकडं तोंड केलं. मी सतरा आणि पंधरा सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. पाठ फिरवलेल्या माणसाला काय आणे सांगणार? इद्रिसभाई दाराशी उभा होता. तेवढ्या वेळात त्यानं वॉर्डाचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं होतं.

गावात आलो तर चुनीलाल ओट्यावर बसलेला. "कोठे शे मन्ही बहीन?" मी म्हटलं, "तठेच." त्यानं माझ्याकडं पाणी मागितलं नाही, रामराम केला नाही, उठून गेला. वर्षभर बोलला नाही. गावातल्या बाया मला बघून पदर तोंडाला लावायच्या, त्यांना वाटलं मी बायको टाकली. वाटू द्या म्हटलं. माझ्या भाकरी मीच थापत होतो, त्या भाकरींचे आकार बघून बैलसुद्धा मान फिरवायचे, आणि हे लोक मला सांगणार मी बायको टाकली!

आखाजी आली. घरी आणता येत नव्हती, म्हणून मी आखाजीच तिकडं नेली. काकूकडून पुरणपोळ्या करून घेतल्या, आंबे घेतले, आणि विहिरीचा चांगला बारा हातांचा दोर घेतला. दवाखान्याच्या आवारात कडुनिंब होता. मी झोका बांधायला लागलो तशी डॉक्टरीण कापडी बूट वाजवत आली आणि जे काही बोलली ते झोक्याच्या बाजूचं नव्हतं, एवढं न शिकताही कळलं. तिथं नुकतीच नवी नर्स आली होती रूपलीबाई, विसरवाडीकडची, तिनं मराठीत सांगितलं, "बाबा, बाई म्हणतात, रोगी युज्वली झोक्यावर बसत नाहीत."

मी दोर सोडला नाही. म्हटलं, "रूपलीबाई, नीट ऐकलंस ना? युज्वली म्हणाल्या?"

"हो."

"मग त्यांना सांग, त्यात दोन आणे जागा आहे."

रूपलीबाईनं सांगितलं की नाही ठाऊक नाही, पण काहीतरी सांगितलं, आणि डॉक्टरीण माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. आणि झोका हलवायचा नाही! न हलणारा झोका! ऐकलाय कधी? जसोदाबाई येऊन बसली. माझ्याशी बोलत नव्हती, पण बसली. मी दोर धरून ठेवला. वॉर्डातल्या बाया पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. तिनं पायाच्या अंगठ्यानं, डॉक्टरणीला दिसणार नाही असं, जमिनीला हळूच रेटा दिला. चार बोटं पुढं, चार बोटं मागं. मी बघितलं.  पुरणपोळी आधीच चाखून झाली होती तिची, म्हणाली, "पोयी कोनी करी? जाडी व्हयनी."

तेव्हा कळलं, ही जगणार.

पुढच्या वर्षी आषाढात ती फाटकातून स्वतःच्या पायांनी बाहेर आली. गाठोडंही स्वतःच उचललं, मला देईना. घरी आली, चूल बघितली, तवा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि दीड वर्षाचं तोंड एका दुपारी मोकळं केलं! चुनीलाल आला, बहिणीला बघून रडला, आणि मला म्हणाला, "पाव्हना, मी ते पहिलेच सांगेल व्हतं, दवाखानामाच ऱ्हाऊ द्या." सांगेल व्हतं! मी त्याला चहा दिला. चुनीलालला दुसरं काय द्यायचं?

आणि गंमत ऐका. मी ज्या शब्दापायी स्टेशन, वकील, फलाट पालथा घातला तो शब्द ही बाई अठरा महिने रोज ऐकत होती. घरी येऊन माझ्याबद्दलच शेजारणीला सांगते, "हाई मानूस युज्वली असाच बोलस." मी म्हटलं, "तुला अर्थ ठाऊक आहे? मग सांग, युज्वली म्हणजे किती आणे?" तिनं पाणी भरता भरता लोटा दाखवला. म्हणाली, "कांठलोंग भरतस का? बोटभर जागा सोडतस ना, सांडू नही म्हनीसन. तेवढंच." आणि गेली आत! तीन इयत्ता माझ्या, कोश गुरुजींचा, सनद वकिलाची...

असो. ती आहे. आतासुद्धा आत आहे, भांडी वाजताहेत ती तिचीच. देवाचे उपकार, डॉक्टरीणबाईचे उपकार. बाई पुढं मलबारला परत गेली, तोवर दर आखाजीला तिला आंब्यांची करंडी धाडली, ती घ्यायची.

पण इद्रिसभाई घेईना. ज्वारीचं पोतं नेलं, त्यानं मशिदीत देऊन टाकलं. धोतरजोडी नेली, हसला, म्हणाला, मैं कहाँ धोती पहनता हूँ. गूळ नेला, तो त्याच्या बायकोनं, नजमुन्निसाबाईनं ठेवून घेतला आणि तेवढ्याच वजनाची सुतरफेणी माझ्या पिशवीत घातली! माझ्यावरचं ओझं वाढलंच! त्याचे लग्नसराईतले दोन दिवस माझ्या छातीवर होते. पाच वर्षं. ज्याला उपकार सोसत नाहीत त्यालाच विचारा पाच वर्षं म्हणजे काय.

मग बासष्ट साल, कार्तिक, कापूस असा फुटलेला की वावर पांढरं, बारा बाया वेचणीला लावलेल्या, घरधन्यानं पाठ फिरवली की निम्मा कापूस कुठं जाईल ते सांगता येत नाही असे दिवस. आणि नजमुन्निसाबाईचा निरोप आला, एस्टीच्या कंडक्टरबरोबर. इद्रिसभाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, सुरतेला ऑपरेशन, घरात दुसरा पुरुषमाणूस नाही, आणि त्यानं कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. घड्याळवाल्याचे डोळे, तुम्हाला सांगतो! भिंग लावूनही काटा दिसेना तरी चार महिने फळीवर बसून राहिला, कोणाला कळू दिलं नाही. माझ्याहून मानी.

मी जसोदाबाईला म्हटलं, वेचणी तू बघ. ती म्हणाली, जा. तिनं एकदाही विचारलं नाही किती दिवस.

नंदुरबारच्या स्टेशनावर तो बाकावर बसलेला, एकटा, मांडीवर पिशवी. मी शेजारी जाऊन बसलो. आवाजावरून ओळखलं असेल, खाकरलो होतो. म्हणाला, "भाईदासभाई? आप किधर?"

"सुरतेला."

"क्या काम है?"

"बसायचंय."

गाडी आली. चढलो. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, हलायचं नाही, मान वळवायची नाही. मी खाटेशेजारी फरशीवर बसलो. पाणी पाजलं, भात भरवला, उठू दिलं तेव्हा मोरीपर्यंत हात धरून नेलं. तो दर थोड्या वेळानं विचारायचा, "कितने बजे?" आणि माझ्याकडं घड्याळ कधीच नव्हतं. मी खिडकीतली उन्हाची तिरीप बघून सांगायचो. साडेतीन. पावणेपाच. एकदा पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं त्याचं घड्याळ बघून सांगितलं, दहा मिनिटं चुकलं. इद्रिसभाई पट्टीखालून म्हणाला, "उसकी घड़ी आगे होगी."

मला वाटलं होतं दोन दिवस. आठ दिवस लागले. आठव्या दिवशी पट्टी सुटली, त्यानं आधी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नंदुरबारला उतरून त्याला टांग्यात बसवलं, घरापर्यंत गेलो, नजमुन्निसाबाईनं दार उघडलं, त्याला आत घेतलं. तो उंबऱ्यात वळला, काहीतरी बोलणार होता. मी हात वर केला.

त्याचे दोन दिवस होते. मी आठ बसलो. फिटलं.